आमची वाटचाल : व्हर्च्युअल मशिनवरचे फेलओव्हर क्लस्टर

फेलओव्हर क्लस्टर म्हणजे असे जोडलेले सर्व्हर, की त्यातला एक नोड बंद पडला तर त्याचं काम दुसरा उचलतो. आमचे नोड व्हर्च्युअल मशिन असतात, म्हणजे होस्ट या खऱ्या सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ सोबत शेअर्ड व्हीएचडीएक्स (अनेक मशिनना मिळून वापरता येणारी आभासी डिस्क) आलं आणि गेस्ट क्लस्टरसाठी, म्हणजे व्हर्च्युअल मशिनमधल्या क्लस्टरसाठी, आयस्कझी किंवा फायबर चॅनेल या स्टोरेजच्या जोडण्या थेट व्हर्च्युअल मशिनपर्यंत नेण्याची गरज उरली नाही. आमच्या या कामाची सुरुवात तिथली. तेव्हापासून क्रम एकच : आधी होस्ट, मग क्लस्टर.

कारण साधं आहे. दोन्ही नोड एकाच होस्टवर असले तरी क्लस्टर मॅनेजरमध्ये सगळं हिरवंच दिसतं, आणि होस्ट बंद पडला की दोन्ही एकदम जातात. व्हीएमवेअरवर आम्ही डीआरएसमध्ये (होस्टवर मशिन वाटून देणारी सोय) मशिन वेगळी ठेवण्याचा नियम लावतो. हायपर-व्हीच्या (मायक्रोसॉफ्टची व्हर्च्युअल मशिन चालवणारी यंत्रणा) होस्ट क्लस्टरवर अँटीअॅफिनिटीक्लासनेम्स या, सारख्या नावाची मशिन वेगळी ठेवणाऱ्या सेटिंगमध्ये दोन्ही मशिनना एकच नाव देतो. हायपर-व्हीचा हा नियम मुळात सक्तीचा नसतो. होस्ट कमी पडले की नोड पुन्हा एकत्र येतात. म्हणून प्रत्येक देखभालीनंतर कोणता नोड कुठे आहे ते पाहतोच.

क्लस्टर चालू राहायला मतांचं बहुमत लागतं. दोन नोड म्हणजे दोन मतं, तिसरं मत विटनेसचं, म्हणजे फक्त मतापुरत्या ठेवलेल्या साक्षीदाराचं. फाइल शेअर विटनेस (नेटवर्कवरचं सामायिक फोल्डर) त्याच दोन होस्टपैकी एकावर ठेवला, तर तो होस्ट जाताना एका झटक्यात दोन मतं जातात. त्याला तिसरी जागाच हवी. ती नसेल तर २०१६ पासून क्लाउड विटनेस आहे.

व्हीएमवेअरवर शेअर्ड डिस्कना बूट डिस्कपासून वेगळा स्कझी कंट्रोलर देतो आणि बस शेअरिंग, म्हणजे डिस्क इतर मशिनसोबत वापरू देणारी सेटिंग, 'फिजिकल' ठेवतो. अशा मशिनचा स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घेता येत नाही, त्यामुळे बॅकअप मशिनच्या आतल्या एजंटमधूनच.

शेअर्ड डिस्क नसलेल्या, म्हणजे अव्हेलेबिलिटी ग्रुपच्या (एसक्यूएल सर्व्हरची सोय, जिथे प्रत्येक नोडकडे डेटाबेसची स्वतःची प्रत असते) क्लस्टरमध्ये स्नॅपशॉट चालतो, आणि सगळ्यात जास्त त्रास तिथेच होतो. रात्री बॅकअप संपतो, स्नॅपशॉट डिस्कमध्ये विलीन होताना मशिन काही सेकंद थिजतं, आणि लॉगमध्ये ११३५ क्रमांकाचा इव्हेंट उमटतो : नोड क्लस्टरबाहेर. हार्टबीट, म्हणजे नोडने दुसऱ्याला पाठवलेला 'मी चालू आहे' हा संदेश, दर सेकंदाला जातो, यूडीपी पोर्ट ३३४३ वरून. २०१२ आर२ मध्ये एकाच सबनेटवर पाच हार्टबीट चुकले की नोड बाद होत असे. २०१६ मध्ये ही मर्यादा दहा झाली. जुन्या क्लस्टरवर आम्ही ही मर्यादा ठरवणारी सेटिंग, सेमसबनेटथ्रेशोल्ड, दहावर नेतो, पण त्याआधी ११३५ ची वेळ आणि बॅकअपची वेळ शेजारी ठेवून बघतो. वेळा जुळल्या तर दोष नेटवर्कचा नसतो. बॅकअप दुय्यम नोडवर हलवायचा.

अॅक्टिव्ह डिरेक्टरीतल्या क्लस्टरच्या नावाच्या ऑब्जेक्टला त्याच्या ओयूमध्ये (डिरेक्टरीतला विभाग) कॉम्प्युटर ऑब्जेक्ट तयार करण्याची परवानगी द्यावी लागते, नाहीतर पहिलाच रोल (क्लस्टर चालवत असलेली सेवा) ऑनलाइन येत नाही.

काम सोपवण्याआधीची चाचणी रोल 'मूव्ह' करून होत नाही. तो शिस्तीत झालेला बदल असतो. अॅप्लिकेशन चालू ठेवून आम्ही आधी व्हर्च्युअल मशिन थेट पॉवर ऑफ करतो, मग नेटवर्क अडॅप्टर तोडतो, शेवटी अख्खा होस्ट बंद करतो, आणि दर वेळी अॅप्लिकेशन परत जोडलं जायला किती सेकंद लागले ते लिहून ठेवतो. फेलबॅक, म्हणजे रोलने आपोआप मूळ नोडवर परतणं, मुळात बंद असतो, तो तसाच ठेवतो. नोड परत आल्याबरोबर रोल भर कामाच्या वेळेत आपोआप मागे फिरला, तर वापरणाऱ्यांचं कनेक्शन दुसऱ्यांदा तुटतं.