तुम्ही विचारलंत म्हणून: दमदार आवाज कसा ओळखायचा?

कार्यक्रम संपला, मी केबल गुंडाळायला बसलो की कुणीतरी हमखास येतं. "काका, आज सगळ्यात दमदार आवाज कुणाचा होता?" इंदूरमध्ये हल्ली कराओकेचे ग्रुप उदंड झालेत, आणि मी पडलो साउंडवाला. कुणाला दुखवलं तर पुढचं काम जातं. म्हणून "सगळेच छान हो" म्हणून सुटतो. पण तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंत, तर आता खरं सांगतो.

मी आधी हात बघतो. ज्याला स्वतःची खात्री नसते, तो वरचा सूर आला की माइक ओठाला चिकटवतो. ज्याच्या आवाजात जोर आहे, त्याचा हात नेमका तिथे लांब जातो. अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, हे त्याने कुठे वाचलेलं नसतं. मॉनिटरमधून, म्हणजे गायकाकडे तोंड केलेल्या स्टेजवरच्या स्पीकरमधून, अंगावर आलेला स्वतःचाच आवाज त्याला शिकवतो. दुसरं म्हणजे, हे स्टेजवरचे माइक अगदी जवळून गायलं की खर्ज फुगवतात. चार ओळी गाऊन माणसाला वाटायला लागतं, आपला आवाज काय भारदस्त आहे! भारदस्त माइक असतो.

मग शब्द. वर चढताना 'इ' पसरून 'ए' व्हायला लागते, 'उ'चा 'ओ' होतो, व्यंजनं तर वाटेतच गळतात. 'बैजू बावरा'तलं (१९५२) रफीसाहेबांचं दरबारी रागातलं 'ओ दुनिया के रखवाले' आमच्याकडे दर दोन कार्यक्रमांआड कुणीतरी घेतंच. शेवटचा चढ गाठला की टाळ्या पडतात, पण 'रखवाले' हा शब्द शाबूत पोचलेला मी फार क्वचित ऐकलाय. रफीसाहेबांचा पोचतो. आणि त्याच चित्रपटात आमच्या इंदूरचे उस्ताद अमीर खाँही गायलेत. त्यांची खरी मातब्बरी खालच्या सुरांत. झूमरा तालाच्या संथ लयीत मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, उतरायचं आणि आवाज तसूभरही विरू द्यायचा नाही, याला किती दम लागतो ते करून बघा. दमदार शब्दातला 'दम' म्हणजे श्वास, हे लोक विसरतात.

इथे कुणीतरी मध्येच विचारतंच, "पण लताबाईंचा आवाज तर बारीक होता?" (लताबाईंचा जन्म १९२९ चा, आमच्या शीख मोहल्ल्यातला, त्यामुळे इंदूरकर या बाबतीत जरा हळवे.) बारीक म्हणजे दुबळा नव्हे. आपल्या कानाला सगळ्यात तिखट लागतो तो साधारण २ ते ५ हजार हर्ट्झचा (सेकंदाला तितक्या कंपनांचा) पट्टा. वाद्यवृंदाचा मुख्य जोर त्याच्या खूप खाली, ५०० हर्ट्झच्या आसपास असतो. अनंत चतुर्दशीला ढोलांच्या गदारोळातही पोलिसाची शिट्टी ऐकू येते ना, तसंच. टोकदार आवाजाचा जोर त्या वरच्या पट्ट्यात असतो, म्हणून त्याला व्हायोलिनांच्या रांगेतून वाट काढायला ओरडावं लागत नाही.

तरुण मुली हल्ली व्हिटनी ह्यूस्टनचं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' घेतात. १९९२ चं ते गाणं वाद्यांशिवाय, जवळजवळ कानात सांगितल्यासारखं सुरू होतं. शेवटाकडे एक थांबा येतो, ड्रमचा ठोका पडतो आणि सगळं गाणं एक अख्खा सूर वर चढतं. घरी तालीम होते ती फक्त त्या उडीची. सुरुवात नुसती उरकतात. मला तिथेच निकाल कळलेला असतो. उडीच्या वेळी मी निवांत चहा पितो.

तर आता नाव सांगायचं म्हणाल, तर कराओकेतलं कुणीच नाही. रामबागेतल्या एका गणपतीत सत्तरीच्या पुढच्या एक आजी दरवर्षी नाट्यपद म्हणतात. माइक स्टँडवर, वीतभर लांब. त्यांचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) मी सगळ्यात खाली ठेवतो, तरी मांडवाच्या टोकाला चप्पल सांभाळणाऱ्या पोराला शब्दन् शब्द कळतो. बाकी सगळे माझ्याकडे बघून बोट वर करतात, "अजून वाढवा, भिया, अजून." आजींनी गेल्या वर्षी पदाच्या मध्येच मान वळवली आणि म्हणाल्या, "अरे, मला कमी कर की जरा. तबला ऐकू येत नाहीये."