हाँगकाँगची फेरी आणि लवकर येणारा किनारा

दिवसभर एकच गोष्ट मनातून जात नाहीये. हाँगकाँगचं बंदर ओलांडणारी स्टार फेरी फार लवकर पोचते. काउलूनच्या बाजूच्या चिम शा त्सुईहून समोरच्या बेटावरच्या सेंट्रलला आठ-नऊ मिनिटं, त्यातली पहिली दोन जागा शोधण्यात जातात. नीट टेकून समोर बघायला लागावं, तर इंजिनाचा सूर बदलतो आणि माणसं उठून उभी राहतात. दादा म्हणेल, मग मेट्रोने जा, त्याहून लवकर पोचशील. त्याला काय सांगायचं. मला पोचायचंच नव्हतं.

खरं तर त्या बोटीची घडणच अशी आहे की तिच्यावर बसून राहावंसं वाटतं. ती दोन तोंडांची आहे. धक्क्याला लागली की वळवायची नाही, ज्या टोकाने आली त्याच्या उलट टोकाने निघायची. म्हणून बाकांच्या पाठीही फिरत्या. लाकडी पाठ धरून पलीकडे ढकलली की बाकाचं तोंड बदलतं, आणि मागे जाणारी बोट पुढे जाणारी होते. बाकाच्या लाकडात भोकाभोकांची चांदणी आहे, बोटांना लागते. बोट धक्क्याला टेकताना एक खलाशी लांब दांड्याच्या आकड्याने जाडजूड दोरखंड ओढून घेतो, खुंट्याला अडकवतो, मग फळी खाली येते. गडबड नाही, ओरडा नाही. मला तो दोरखंड अडकवतानाचा क्षण आवडत नाही. तिथे संपलेलं असतं.

वरचा मजला की खालचा, हे फाटकातच ठरवावं लागतं, दोन्हीकडे जायच्या वाटा वेगळ्या. ऑक्टोपस कार्ड, म्हणजे आधी पैसे भरलेलं प्रवासाचं कार्ड, टेकवायचं, काही डॉलर कापले जातात, शनिवार-रविवारी थोडे जास्त. सगळे वर जातात, फोटो चांगले येतात म्हणून. मला विचाराल तर खाली बसावं. डिझेलचा वास येतो, इंजिनाची घरघर पायातून जाणवते, पण पाणी हाताशी असतं. आणि पाणी कसं वागतं ते तिथूनच कळतं. या बंदरात भर उन्हात, वारा नसतानाही बोट डुचमळते. दोन्ही बाजूंना भरावाच्या उभ्या भिंती आहेत. उतरत्या वाळूवर लाट विरून जाते, उभ्या भिंतीवर आपटून तशीच परत येते. त्यात येणाऱ्याजाणाऱ्या बोटींच्या लाटा. जागा कमी, म्हणून खळबळ जास्त.

म्हणजे मला जे खटकतंय ते माझ्या मनाचे खेळ नाहीत. अंतर खरंच कमी झालंय. सेंट्रलचा जुना धक्का घड्याळाच्या मनोऱ्यासकट आणखी आत होता. ११ नोव्हेंबर २००६ च्या रात्री तिथून शेवटची फेरी सुटली, डिसेंबरमध्ये मनोरा पाडला, लोक आडवे पडले तरी. शेजारचा क्वीन्स पिअर हा धक्काही नंतर गेला. आता फेरी ७ आणि ८ नंबरच्या धक्क्यांना लागते, जिथे पूर्वी समुद्र होता. सेंट्रल स्टेशनाच्या ‘ए’ दारातून बाहेर पडून पुलापुलांवरून दहा मिनिटं चालावं लागतं. जेवढं चालणं वाढलं तेवढा समुद्र घटला. बंदर वाचवण्याचा कायदा १९९७ चा, आणि अपरिहार्य लोकहित असल्याशिवाय भराव घालता येणार नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट सांगितलं. तरी आधी ठरलेलं झालंच. वाईट वाटतं. अगदी घरचं काही गेल्यासारखं, आणि कोणी म्हणेल, तुझा काय संबंध?

संबंध थोडा आहे. ही फेरी सुरू केली ती दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थांनी. मुंबईहून तिकडे गेलेले, बेकरी चालवणारे. १८८८ मध्ये त्यांनी फेरीची कंपनी काढली, पुढे ती विकून मुंबईला परतले, आणि १८९८ पासून ती ‘स्टार फेरी’ झाली. म्हणजे बोट आपल्या माणसाची. पण म्हणून समुद्र आपला होत नाही, हेही खरं.

आणि मग दुसरंच सुचलं, दुपारपासून तेही सोडत नाही. मुंबईत आपण चालतो ते काय आहे? सात बेटांमधल्या खाड्या बुजवल्या, बॅकबे भरलं, नरिमन पॉइंट समुद्रातून वर काढलं, त्यावरच आपली ऑफिसं आणि आपली वर्षं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना तासभर पाणी दिसतं, म्हणून आपल्याला समुद्र मुबलक वाटतो. हाँगकाँगला डोंगर पाठीशी, सपाट जमीन नाही, त्यांनी कुठे राहायचं होतं? १९७२ मध्ये पाण्याखालून रस्ता गेला, १९८० मध्ये रेल्वे, तरी त्यांनी ही संथ बोट बंद केली नाही. कुणी ठेवली असती?

ऑक्टोबर-नोव्हेंबरात जायचं, हवा कोरडी असते. मार्चमध्ये नको, भिंतींना पाणी सुटतं आणि पलीकडचा किनारा धुक्यात जातो. उन्हाळ्यात वादळाचा आठ नंबरचा बावटा, म्हणजे सगळं बंद करायला लावणारा इशारा, लागणार असेल तर साधारण दोन तास आधी तसं कळवतात. फेरी बंद पडते, भुयारी गाड्या मात्र चालतात. म्हणजे ही आठ मिनिटंही गृहीत धरायची नाहीत.

पलीकडे पोचल्यावर बसून राहता येत नाही, सगळ्यांना उतरावंच लागतं. उतरायचं, वळसा घालून पुन्हा फाटकाशी यायचं, कार्ड टेकवायचं, बाकाची पाठ उलटी करायची. उद्या तसंच करणार आहे, संध्याकाळी, खालच्या मजल्यावरून.