ठार झाले की ठार मारले?

समजा एका गावावर विमानातून बॉम्ब पडला आणि वीस माणसं गेली. आता ही बातमी बघा किती प्रकारे लिहिता येते. 'हल्ल्यात वीस जण ठार'. 'स्फोटात वीस जणांचा मृत्यू'. 'अमक्या देशाच्या हवाई दलाने वीस गावकऱ्यांना मारलं'. 'वीस संशयितांचा खात्मा'. यातलं शेवटचं सोडलं तर बाकी कुठलंच खोटं नाहीये, आणि शेवटचंही खोटं ठरवायला बराच वेळ लागतो, तोवर लोकांचं मत बनूनही गेलेलं असतं.

मला सगळ्यात खतरनाक वाटतं ते दुसरं वाक्य. कारण त्यात कर्ताच नाही! स्फोट आपोआप झाला, मृत्यू आपोआप झाला, जणू पाऊस पडला. मराठीत ही सोय भरपूर आहे, 'झालं', 'गेलं', 'पडलं' म्हटलं की कोणी केलं हे विचारायचं राहूनच जातं. आणि गंमत अशी की आपल्यावर हल्ला झाला की कर्ता लगेच ठळक अक्षरात हजर असतो, आपण केला की तो वाक्यातून हळूच बाहेर पडतो. कुठल्याही देशाचा पेपर घ्या, युद्धाच्या काळात हेच दिसतं. म्हणून मी आता बातमीत आधी कर्ता शोधतो, बाकी सगळं नंतर.

एवढ्यातेवढ्या शब्दाने काय फरक पडतो असं कोणी म्हटलं तर १९७४ चा एक प्रयोग सांगतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि स्पीड विचारला, फक्त प्रश्नातलं क्रियापद बदललं. गाड्या एकमेकींवर 'जोरात आदळल्या' असं विचारल्यावर सरासरी उत्तर आलं ताशी जवळपास ४१ मैल, आणि 'टेकल्या' अशा अर्थाचा शब्द वापरल्यावर ३२ मैल. फिल्म त्याच. पुढच्या प्रयोगात तर आठवड्याने विचारलं की फुटलेली काच दिसली का, तर 'आदळल्या'वाल्यांमधल्या जास्त जणांना काच आठवली, जी फिल्ममध्ये नव्हतीच! म्हणजे शब्द फक्त मत नाही बदलत, डोळ्यांनी बघितलेलंही बदलतो, आणि युद्ध तर आपल्यापैकी बहुतेकांनी डोळ्यांनी बघितलेलंसुद्धा नसतं, आपल्याकडे असतात ते शब्दच.

दुसरा प्रयोग ट्वर्स्की आणि कानेमान या मानसशास्त्रज्ञांचा, १९८१. साथीत ६०० माणसं मरणार आहेत, कुठला उपाय निवडाल? एका गटाला सांगितलं की पहिल्या उपायाने २०० नक्की वाचतील, ७२ टक्के लोकांनी तो घेतला. दुसऱ्या गटाला तोच उपाय सांगितला पण ४०० नक्की मरतील असं म्हणून, तर २२ टक्के. गणित एकच आहे हो. आता 'कारवाईमुळे हजारो जीव वाचले' असं एखादा प्रवक्ता म्हणतो तेव्हा तो काय करतोय ते ओळखा.

पण सगळ्यात रंजक प्रकार म्हणजे ऑपरेशनची नावं. हा विषय निघाला की मी थांबत नाही.

दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, चर्चिलने सूचना काढली होती की सांकेतिक नावं बढाईखोर नकोत आणि थिल्लरही नकोत, कारण आपला मुलगा 'बनीहग', म्हणजे सशाची मिठी, असल्या नावाच्या मोहिमेत मेला असं कुठल्या आईला सांगावं लागू नये. तेव्हा नाव लपवण्यासाठी होतं. पुढे ते दाखवण्यासाठी झालं. कोरियाच्या युद्धात १९५१ मध्ये अमेरिकेच्या जनरल रिजवेने थेट 'ऑपरेशन किलर' असं नाव ठेवलं, वॉशिंग्टनमधले लोक नाराज झाले. व्हिएतनाममध्ये १९६६ ला 'मॅशर' म्हणजे चेचून काढणारा, तर प्रेसिडेंट जॉन्सनला ते खटकलं आणि नाव बदलून झालं 'व्हाइट विंग', पांढरा पंख! जमिनीवर तेच सैनिक, त्याच तोफा, तीच गावं. आणि १९८९ मध्ये पनामावर चढाई करताना अमेरिकेने आधीचं 'ब्लू स्पून' हे नाव टाकून 'जस्ट कॉज' केलं, न्याय्य कारण. तेव्हाचे अमेरिकन सेनादलांचे प्रमुख कॉलिन पॉवेल यांनी नंतर लिहिलंय की आमच्यावर टीका करणाऱ्यांनाही टीका करताना हेच नाव घ्यावं लागणार, हे त्यांना आवडलं होतं. काय डोकं आहे बघा. तुम्ही विरोध करायला उभे राहता आणि तुमच्या पहिल्याच वाक्यात 'न्याय्य कारण' येतं. २००१ मध्ये अफगाणिस्तानच्या वेळी मात्र फसलं, 'इन्फिनिट जस्टिस' ठेवलं, मुसलमानांनी म्हटलं की अनंत न्याय फक्त देव करतो, मग 'एन्ड्युरिंग फ्रीडम' झालं, टिकाऊ स्वातंत्र्य.

आपल्याकडे मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'. पहलगाममध्ये दहशतवाद्यांनी पुरुषांना मारलं, बायकांच्या डोळ्यांदेखत, त्यानंतर हे नाव. कारवाई का केली हे एका शब्दात सांगून झालं, वेगळं भाषण करायची गरजच नाही, आणि प्रश्न विचारणाऱ्याला आधी त्या बायकांना ओलांडून जावं लागतं. नाव म्हणून मला ते फार ताकदीचं वाटतं, आणि नेमकं म्हणूनच त्याच्याकडे सावधपणे बघावंसं वाटतं. समोरून पाकिस्तानने 'बुनयान-उन-मरसूस' ठेवलं, कुराणातला शब्दप्रयोग, अभेद्य भिंत अशा अर्थाचा. दोन्ही नावं घरच्या लोकांसाठी. जगासाठी मात्र सरकारी निवेदनात वेगळीच भाषा होती, कारवाई नेमकी, मोजूनमापून आणि तणाव न वाढवणारी आहे. २०१९ ला बालाकोटनंतर परराष्ट्र सचिवांनी तर 'बिगर-लष्करी' कारवाई म्हटलं होतं, आणि बॉम्ब टाकले होते हवाई दलाच्या मिराज विमानांनी! ऐकायला विचित्र, पण त्यामागे हिशोब होता, आम्ही तुमच्या लष्कराला हात लावलेला नाही हे समोरच्याला कळावं. म्हणजे शब्द आग विझवायलाही वापरतात, फक्त पेटवायलाच नाही. टीव्ही अँकरला मात्र असल्या शब्दांचं काही पडलेलं नसतं, तो तेव्हा 'बदला' आणि 'घुसून मारलं' ओरडत असतो.

'सर्जिकल'चंही तेच. शब्द ऐकला की ऑपरेशन थिएटर, हातमोजे, निष्णात डॉक्टर. १९९१ च्या आखाती युद्धात टीव्हीवर दिवसरात्र स्मार्ट बॉम्ब दाखवले, बरोब्बर खिडकीतून आत जाणारे, आणि प्रत्यक्षात टाकलेल्या बॉम्बपैकी असे गायडेड बॉम्ब १० टक्क्यांहूनही कमी होते. बाकीचे साधेच, वरून सोडायचे. पण लोकांच्या लक्षात राहिली ती खिडकी.

आपल्या मराठी पेपरांचं तर विचारूच नका. 'कंठस्नान घातलं' हा शब्द कोणी आणला माहीत नाही पण त्यात रक्त आहे हे वाचताना जाणवतच नाही, स्नान म्हटलं की कसं पवित्र वाटतं. 'धूळ चारली', 'नापाक हरकत', हे साचे इतके तयार असतात की बातमी फक्त आत ओतायची. आणि 'शहीद'. सरकारने संसदेत सांगितलंय की लष्करात हा शब्द अधिकृतपणे वापरत नाहीत, तिथे 'बॅटल कॅज्युअल्टी' म्हणतात. एवढं कोरडं! पण शहीद किंवा हुतात्मा म्हटलं की एक प्रश्न बंद होतो, तो तिथे का पाठवला गेला होता, तयारी नीट होती का, चूक कोणाची. ते विचारणं त्या माणसाचा अपमान वाटायला लागतं. खरं तर तो प्रश्न त्याच्या घरच्यांनाही पडलेला असतोच की.

मग शब्द टाळणं. १९५० मध्ये कोरियाच्या वेळी पत्रकाराने अमेरिकेच्या प्रेसिडेंट ट्रूमनला विचारलं, याला युनोच्या अखत्यारीतली 'पोलीस कारवाई' म्हणू का, तो म्हणाला हो, तसंच आहे. युद्ध म्हटलं असतं तर घोषणेसाठी काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, जावं लागलं असतं. त्या पोलीस कारवाईत ३६ हजारांहून जास्त अमेरिकन मेले, कोरियन आणि चिनी किती लाख ते वेगळंच. फ्रान्सने अल्जीरियातल्या १९५४ ते १९६२ च्या लढाईला वर्षानुवर्षं 'घटना' म्हटलं, कायद्यात 'युद्ध' हा शब्द यायला १९९९ उजाडलं. आणि १९९४ ला रवांडात लाखो माणसं कापली जात असताना अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रवक्ती 'वंशसंहाराची कृत्यं' म्हणत होती, वंशसंहार म्हणायचं टाळत होती, कारण तो शब्द उच्चारला की १९४८ च्या वंशसंहारविरोधी कराराप्रमाणे काहीतरी करणं भाग पडलं असतं. पत्रकाराने विचारलं, अशी किती कृत्यं झाली की वंशसंहार होतो? उत्तर नव्हतं.

विरोध करणारेही काही साळसूद नसतात म्हणा. प्रत्येक हल्ल्याला नरसंहार आणि प्रत्येक नेत्याला हिटलर म्हटलं की मग खरोखर तशी वेळ येते तेव्हा वापरायला शब्दच उरत नाही. आणि 'आम्ही न्यूट्रल शब्द वापरतो' म्हणणाऱ्यांवरही माझा फारसा विश्वास नाही. 'संघर्ष' म्हटलं की दोन्ही बाजू सारख्याच ताकदीच्या वाटतात, तेही एक मतच झालं. मी त्यातल्या त्यात एक करतो, वाक्यातल्या देशांची नावं उलटी करून वाचतो. तोच शब्द तेव्हाही चालतो का? बऱ्याचदा जीभ अडखळते.

रशियाने तर सगळा आडपडदाच काढून टाकला. २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर चढाई केली, नाव 'विशेष लष्करी मोहीम', आणि ४ मार्चला कायदा, सैन्याबद्दल 'खोटी माहिती' पसरवली तर १५ वर्षांपर्यंत कैद. खोटं काय आणि खरं काय ते सरकार ठरवणार. मॉस्कोतले एक नगरसेवक, अलेक्सेई गोरिनोव, नगरसभेच्या बैठकीत युद्धाला युद्ध म्हणाले, जुलैमध्ये त्यांना ७ वर्षांची शिक्षा झाली. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुतिनच्या तोंडून स्वतःच जाहीरपणे 'युद्ध' निघून गेलं. सेंट पीटर्सबर्गच्या एका नगरसेवकाने लगेच तक्रार ठोकली, यांच्यावरही केस करा म्हणून. केस अर्थातच झाली नाही, आणि गोरिनोव तुरुंगातच राहिले.