उसाच्या मुलखातला माणूस बिटाच्या रानात

लेक विनित्सियाला मेडिकलला होती, म्हणून २०१९च्या सप्टेंबरअखेर आम्ही दोघं युक्रेनला जाऊन आलो. कीव्हमध्ये सगळे बघतात ते बघितलं: अकराव्या शतकातलं सेंट सोफिया चर्च, १०५ मीटर खोल आर्सेनाल्ना मेट्रो स्टेशन. सरकत्या जिन्यावर हिनं माझा दंड शेवटपर्यंत सोडला नाही. पण माझी हयात गेली साखर कारखान्याच्या लॅबमध्ये. माझं चित्त अडकलं ते विनित्सियाच्या वाटेवर.

रानाकडेला साखरेच्या बिटाचे ढीग, माणसापेक्षा उंच. बीट तांबडं नव्हे, मळकट पांढरं, मुळ्यासारखं निमुळतं. गाडी थांबवून एक हातात घेतलंच. आपला ऊस तोडला की लगेच साखरेचा उतारा घसरायला लागतो. हे गडी थंडीत आठवडेच्या आठवडे ढिगात पडून राहतात. मिलमधून पिळायची भानगडच नाही. काप करून गरम पाण्यात टाकायचे, साखर पाण्यात उतरते. चोथा जनावरांना. उसासारखं बगॅस, म्हणजे चिपाड, नाही, त्यामुळं बॉयलरला जळण विकतचं. आणि गूळ? तो काय बिटाचा होत नाही, मळी कडू लागते. हे ऐकून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोला!

माती मात्र लई भारी. चेर्नोझेम म्हणतात. आपल्या शिरोळची काळी रानं बेसॉल्टची, उन्हाळ्यात भेगाळतात. तिकडची हजारो वर्षं गवत कुजून झालेली, भुसभुशीत, कुठं कुठं मीटरभर खोल. असल्या जमिनीवर १९३२-३३ साली लाखो माणसं उपाशी मेली. स्टालिनच्या सरकारनं धान्य उचलून नेलं. सामुदायिक शेतातल्या लोंब्या वेचल्या तरी तुरुंग, नाहीतर गोळी. कीव्हमध्ये त्या उपासमारीच्या स्मारकाजवळ हडकुळ्या पोरीचा पुतळा आहे, हातात लोंब्या धरलेल्या. आम्ही तो परतताना बघितला. तुम्ही आधी बघा.

बघा म्हणतोय, पण युद्धामुळं २०२२च्या फेब्रुवारीपासून तिथं प्रवासी विमानं उतरत नाहीत. लेक तेव्हा रोमानियामार्गे घरी आली. तिच्या घरमालकीणबाई तिथंच आहेत.

त्या बाईंनी आम्हाला बोर्श्च खिलवलं होतं: तांबडं बीट, कोबी, बटाटा, वर चमचाभर आंबट साय. आम्ही एक किलोची गुळाची ढेप नेली होती. बाईंनी ती हुंगली, सुरीनं पापुद्रा काढला, राईच्या काळ्या पावावर ठेवला आणि वरून मीठ भुरभुरलं.