आमची वाटचाल : नागपूरच्या उन्हाळ्यात ग्राफिक्स कार्ड सांभाळताना

पुण्या-मुंबईच्या तापमानाच्या आकड्यांवर नागपुरातलं ग्राफिक्स कार्ड जोखता येत नाही. हे आम्ही आमच्या कार्ड दुरुस्तीच्या दुकानाच्या सुरुवातीपासून सांगतोय आणि लिहूनही ठेवतोय. कार्ड टेबलावर आलं की रजिस्टरात तापमानाचे चार रकाने भरले जातात: खोली, कार्डाची मुख्य चिप, हॉटस्पॉट म्हणजे त्या चिपवरची सगळ्यात तापलेली जागा, आणि मेमरी. कार्ड परत जाताना पुन्हा तेच चार. या रजिस्टरानेच २०२४ मध्ये आमचं दुकान वाचवलं, म्हणून ती हकिकत सविस्तर सांगणार आहे. बाकीची वर्षं कामात गेली, त्यांचं काय सांगायचं!

सुरुवात नागपूरच्या बर्डीत (सीताबर्डी) लॅपटॉपच्या चिपा रीबॉल करण्यापासून, म्हणजे चिप काढून तिच्याखालचे सोल्डरचे टाके नव्याने घालण्यापासून झाली. त्या काळी बंद पडलेलं कार्ड घरच्या ओव्हनमध्ये भाजायची टूम निघाली होती. भाजलेलं कार्ड काही दिवस चालायचं आणि पुन्हा मरायचं. बिनशिशाचं सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळायला लागतं, ओव्हनमध्ये ते धड वितळतही नाही, नुसते टाके हलतात. असं काम आम्ही कधी केलं नाही, गिऱ्हाईक हात जोडून बसलं तरी नाही. चिप रोज तापते, रोज निवते, त्यात टाके थकतात. मेल्यावर जोडत बसण्यापेक्षा ती थंड ठेवावी, म्हणून आम्ही कूलिंगच्या कामाकडे वळलो.

आमच्या टेबलावर तापमान मोजायची तार म्हणजे के टाईप थर्मोकपल आहे, डिजिटल कॅलिपर आहे, साफसफाईसाठी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आहे आणि अर्ध्या मिलिमीटरपासून तीन मिलिमीटरपर्यंतचे थर्मल पॅड, म्हणजे चिपा आणि त्यांची उष्णता ओढणारा धातूचा हीटसिंक यांच्यात बसणारे मऊ तुकडे, जाडीप्रमाणे वेगळ्या डब्यांत आहेत. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर बरेच जण वापरतात. चकचकीत तांब्यावर तो खोटा आकडा दाखवतो. वर केप्टन टेप (उष्णता सोसणारी पिवळसर चिकटपट्टी) लावल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवू नका. पॅडची जाडी कळत नसेल तर मेमरीच्या चिपवर मऊ पुट्टीची गोळी ठेवायची, हीटसिंक कसायचा, पुन्हा उघडायचा आणि दबलेली पुट्टी कॅलिपरने मोजायची. याला वेळ लागतो आणि तो वेळ आम्ही बिलात लावतो.

नागपूरच्या महाल भागातले आमचे स्टुडिओवाले काका पहिल्यापासून आमच्याकडे येतात. लग्नांचे व्हिडिओ एडिट करतात, म्हणजे ऐन एप्रिल-मेमध्ये त्यांची मशीनं रात्रभर रेंडर करत असतात. एकदा त्यांचं कार्ड दर तासाला बंद पडायला लागलं. ‘काहून बंद पडते भाऊ हे? पंखे तं फिरून राहिले!’ मी त्यांच्याकडे जाऊन पाहिलं तर डेझर्ट कूलर थेट कॅबिनेटच्या तोंडावर लावलेला. बोअरचं पाणी, उडणारे शिंतोडे, हीटसिंकच्या पात्यांवर पांढरा क्षार आणि त्यावर चिकटलेली धूळ. कूलर खिडकीत हलवला, कॅबिनेट बाजूला घेतलं, पाती धुऊन वाळवली, चिप आणि हीटसिंक यांच्यामधली पेस्ट बदलली. ते कार्ड त्यांच्याकडे अजून चालू आहे.

आता २०२४. एका ॲनिमेशन शिकवणाऱ्या संस्थेची सगळी मशीनं देखभालीला आमच्याकडे होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डं रात्रंदिवस चालवून ते चलन कमावणं, बंद झालं आणि बाजारात वापरलेल्या कार्डांचा पूर आला. त्या पुरात आमच्या समोरच्याच गल्लीत एक दुकान उघडलं. आमच्या निम्म्या दरात पेस्ट आणि पॅड. संस्थेने वार्षिक करार त्यांना दिला. धंद्यात असं होतं, त्याचं मला दुःख नाही. दुःख पुढच्या गोष्टीचं आहे.

मे महिन्यात संस्थेची कार्डं एकामागून एक बंद पडायला लागली. त्याच आठवड्यात नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाल्याची बातमी देशभर गाजली. समोरच्या दुकानदाराने लगेच सांगितलं, ५६ अंशांत कोणतं कार्ड टिकेल? सेन्सर बिघडला होता असा हवामान खात्याचा खुलासा आला आणि ती सबब गेली. मग त्याने दुसरी काढली: आधीच्या लोकांनी लोकल पेस्ट लावून चिपा खराब केल्या. आधीचे लोक म्हणजे आम्ही. संस्थेने आमचं जुनं बिल अडवलं. बर्डीत गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. ऐन सीझनमध्ये टेबल रिकामं, भाडं थकलेलं. हाताखालच्या मुलाला दुसरीकडे बघ म्हणायची वेळ आली, आणि मी ते म्हणालोही. तो गेला नाही.

तेव्हा काका आले. सीझनचे पैसे आगाऊ टेबलावर ठेवले आणि म्हणाले, ‘रजिस्टर घे, चल माझ्यासंग.’ संस्थेच्या लॅबमध्ये मॅनेजरसमोर एक आरटीएक्स ३०८० (एनव्हिडिया कंपनीचं कार्ड) चाचणीला लावलं. खोली ३४, चिप ८६, हॉटस्पॉट १०४, मेमरी ११०. या कार्डातली जीडीडीआर६एक्स जातीची मेमरी ११० ला पोचली की कार्ड स्वतःच वेग पाडतं. मग कार्ड उघडलं. सगळीकडे दीड मिलिमीटरचा एकच पॅड! त्या मॉडेलला मेमरीवर दोनचा लागतो आणि पॉवरच्या बाजूला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या भागांवर, एकचा. पॉवरकडे पॅड जाड, म्हणून हीटसिंक चिपवरून एका अंगाने उचललेला. मेमरीवर पातळ, म्हणून पॅडवर चिपचा चौकोनी ठसाच नाही. ठसा नाही म्हणजे स्पर्श नाही. मॅनेजरसाहेबांनी तो पॅड हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला.

योग्य जाडीचे पॅड लावले, चार स्क्रू फुलीच्या क्रमाने थोडे थोडे कसले. त्याच खोलीत, त्याच चाचणीत चिप ७२, हॉटस्पॉट ८४, मेमरी ९०. मग रजिस्टर उघडलं. त्याच कार्डाची आदल्या वर्षीची आमची नोंद: खोली ३३, चिप ७१, मेमरी ९०. यावर कोणी काही बोललं नाही. काम आमच्याकडे परत आलं. अडवलेल्या बिलातली निम्मी रक्कम अजून यायची आहे आणि ‘लोकल पेस्ट’वाला शब्द कोणी मागे घेतलेला नाही. तो मी विसरलेलो नाही.

आता कार्ड वापरणाऱ्यांना चार शब्द सांगतोच. ३०८० च्या चिपची कंपनीने दिलेली कमाल मर्यादा ९३ अंश, त्याच कंपनीच्या ४०९० ची ९०. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या बऱ्याच कार्डांचा हॉटस्पॉट ११० पर्यंत चालतो. हे छत आहे, तिथे रोज राहायचं नसतं. चिपच्या आकड्यातून खोलीचा आकडा वजा करा. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत चिप ७२ असेल तर फरक ५०. मेमध्ये खोली ४२ झाली की तेच कार्ड ९२ कडे धावणार. म्हणून हिवाळ्यातला आकडा पाहून निश्चिंत होऊ नका. चिप आणि हॉटस्पॉट यांत १०-१५ अंशांचं अंतर ठीक. २५ च्या पुढे गेलं तर पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही. उन्हाळ्यापुरती पॉवर लिमिट, म्हणजे कार्ड किती वीज ओढेल याची मर्यादा, ८० टक्क्यांवर आणा, वेगात फार फरक पडत नाही आणि कार्ड बरंच निवतं. कॅबिनेटची काच काढून समोर टेबलफॅन लावणाऱ्यांनी धुळीचाही विचार करावा.

एप्रिल ते जून आमच्याकडे गर्दी असते, तेव्हा आधी फोन करा. कार्ड आणताना खोलीतला दुपारचा आकडा लिहून आणा आणि कूलर कुठे लावलाय त्याचा एक फोटो मोबाईलमध्ये असू द्या.