तुम्ही विचारलंत म्हणून: कोरी जुनी रायफल झाडावी का?

"जुनी शिकारी रायफल मिळालीय, एकदम मिंट म्हणजे कोरीच, झाडू की नुसती जपून ठेवू?" हे मला सारखं विचारलं जातं म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

पहिलं म्हणजे ती कोरी आहे हे ठरवलं कोणी, विकणाऱ्याने ना? मग बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा दांडा, बाहेर काढा आणि त्याचं तोंड उजेडात धरून बघा. काडतुसाचं बूड टेकतं तिथे पितळेचा ठळक पिवळा गोल असेल आणि लग्जच्या, म्हणजे बोल्ट अडकवणाऱ्या दातांच्या, मागचा भाग घासून चकचकीत झाला असेल तर कोणीतरी ती आधीच भरपूर झाडलीय, तुमचा प्रश्नच संपला. अगदी पुसटसा ठसा असेल तर लगेच भांडायला जाऊ नका, कारण बऱ्याच कारखान्यांत मजबुती तपासायला जास्त दाबाचं प्रूफ काडतूस झाडूनच रायफल बाहेर पडायची, म्हणजे 'अनफायर्ड'चा अर्थ फक्त कारखान्यातून निघाल्यावर न झाडलेली एवढाच. स्क्रूच्या खाचाही बघा, त्या बिघडलेल्या असतील तर कोणीतरी आत हात घातलेला आहे.

आता खरंच कोरी निघाली तर? विंचेस्टर या अमेरिकन कंपनीच्या मॉडेल ७० रायफलीचंच बघा ना, १९६४ मध्ये कंपनीने खर्च वाचवायला डिझाइन बदललं, काडतूस ओढून काढणारी ती मोठी पकड, क्लॉ एक्स्ट्रॅक्टर, गेली, तेव्हापासून त्याआधीच्या रायफलींवर कलेक्टर जीव टाकतात. त्यातली सेव्हन एमएम मॉझरसारख्या दुर्मिळ कॅलिबरची (काडतुसाच्या मापाची) असेल, मूळ खोका, टॅग आणि खोक्यावर तोच सीरियल नंबर असेल तर माझं मत सरळ आहे, झाडू नका. तिच्यासाठी जे जास्तीचे पैसे मोजलेत ते त्या कोरेपणाचेच आहेत, आणि तो एका दुपारच्या हौसेत जातो. नेम धरायची एवढीच खुमखुमी असेल तर त्याच मॉडेलची वापरलेली, ओरखडे पडलेली घ्या, गोळी तितकीच सरळ जाते!

पण थर्टी-ऑट-सिक्ससारखं सर्रास मिळणारं कॅलिबर, खोका नाही, कागद नाहीत, फक्त दिसायला सुंदर? खुशाल झाडा. थोड्या गोळ्यांनी तिचं फार काही बिघडत नाही, खरी वाट लागते ती स्कोपसाठी नवीन भोकं पाडल्यावर किंवा लाकडी कुंदा घासून 'नवीन' केल्यावर, ते करणाऱ्यांशी मी बोलतही नाही.

झाडायच्या आधी नळीतलं वर्षानुवर्षं सुकलेलं ग्रीस पूर्ण काढा, गनस्मिथकडून हेडस्पेस, म्हणजे बोल्ट आणि काडतुसाच्या बुडामधली जागा, तपासून घ्या, कुंद्याला टँगच्या, म्हणजे लाकडात बसणाऱ्या लोखंडी शेपटीच्या, मागे बारीक तडा आहे का बघा. आणि रायफलीसोबत आलेली जुनी काडतुसं वापरू नका, फार जुन्या प्रायमरमुळे (काडतूस पेटवणारी बुडातली टिकली) नळीत क्षार राहतात, ते हवेतलं पाणी ओढतात आणि नळी आतून गंजते. घरी आल्यावर ब्लूइंगवरचे, म्हणजे लोखंडावरच्या निळसर-काळ्या थरावरचे, घामाचे ठसे तेलाच्या फडक्याने पुसा, फोमच्या पेटीत बंद करून ठेवू नका, आणि उद्या विकायला काढलीत तर जाहिरातीत 'अनफायर्ड' लिहू नका, घेणाराही बोल्ट उजेडात धरणारच आहे.