आयपीएलवाल्यांना पैसे मिळतात, या पोरांचं काय?

2020 च्या 10 नोव्हेंबरला दुबईत मुंबई इंडियन्सने दिल्लीला हरवून आयपीएल जिंकली. त्यानंतर बारा दिवसांनी, 22 तारखेच्या रविवारी, आमच्या घराजवळच्या वेकमेड सॉकर पार्कवर क्लेमसन विद्यापीठाच्या मुलांनी सॉकरमध्ये, म्हणजे आपल्या फुटबॉलमध्ये, पिट्सबर्गला 2-1 असं नमवून एसीसीचं विजेतेपद घेतलं. पहिली बातमी तुमच्यापैकी कोणाला चुकली नसेल. दुसरी आमच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावातही फार कोणाला ठाऊक नव्हती.

आधी हे एसीसी काय ते सांगते. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स. 1953 मध्ये इथून तासाभरावरच्या ग्रीन्सबरोत सुरू झालेला विद्यापीठांचा गट. 2020 साली बॉस्टनपासून मायामीपर्यंतची पंधरा विद्यापीठं त्यात होती. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा म्हणजे पेपरात चार ओळींची बातमी. इथे कॉन्फरन्सला स्वतःचे आयुक्त आहेत, टीव्ही चॅनल आहे आणि कोट्यवधी डॉलरचे करार आहेत. गटातल्या संघांनी आपापसात खेळायचं, हंगामाच्या शेवटी कॉन्फरन्सची बाद फेरी, आणि मग राष्ट्रीय स्पर्धा, अशी उतरंड.

साथ आली तेव्हा कळलं की या सगळ्यावर कोणा एकाची सत्ता नाही. हार्वर्ड, येल वगैरे ज्यात आहेत त्या आयव्ही लीगने जुलै 2020 मध्येच सांगून टाकलं की सप्टेंबर ते डिसेंबर खेळ बंद. पुढे त्यांनी वसंतातलेही सामने रद्द केले. एनसीएए या राष्ट्रीय संघटनेने सॉकरची राष्ट्रीय स्पर्धा उचलून 2021 च्या वसंतात ढकलली. कित्येक कॉन्फरन्सनी मग आपला अख्खा हंगामच वसंतात नेला. एसीसी म्हणाली, आम्ही शरदातही खेळणार आणि वसंतातही. म्हणजे एकाच देशात, एकाच विषाणूपुढे, एका विद्यापीठाचा गोलकीपर आईवडिलांच्या घरी बसून ऑनलाइन लेक्चर ऐकतोय आणि दुसऱ्याचा नाकात काडी घालून घेऊन सरावाला निघालाय.

मी हे आईला फोनवर सांगितलं. आई डोंबिवलीला. "अगं, माणसं जातायत आणि तिकडे पोरांना खेळवतायत?"

"आई, तू रोज साडेसातला टीव्हीसमोर बसतेस ते काय आहे मग?"

"त्यांना पैसे मिळतात," आई म्हणाली. आणि फोन बाबांकडे दिला.

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, कारण बाईंचा मुद्दा बिनतोड होता. या मुलांना पगार नव्हता. स्वतःच्या नावावर जाहिरात करून चार पैसे कमवायचीही मुभा नव्हती. ती 1 जुलै 2021 ला मिळाली, म्हणजे साथीतला तो सगळा हंगाम संपल्यावर. शिष्यवृत्ती असते ना, असं इथले लोक म्हणतात. असते. पण पहिल्या श्रेणीच्या पुरुष सॉकर संघाला त्या काळी पूर्ण शिष्यवृत्त्या किती, तर 9.9. दहासुद्धा नाहीत! त्या पंचवीस-तीस मुलांत वाटायच्या. त्यामुळे "पोराला फुटबॉलवर अमेरिकेत फुकट शिक्षण मिळेल का" असं जे काका-मामा मला विचारतात, त्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

बरं, सॉकर विद्यापीठाला कमावून देतं असंही नाही. कमावतात अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉल, बाकीचे खेळ त्यांच्या पंखाखाली. साथीत गल्ला रिकामा झाल्यावर कुऱ्हाड कोणावर पडणार हे उघड होतं. सिनसिनाटी विद्यापीठाने एप्रिल 2020 मध्ये पुरुषांचा सॉकर संघच गुंडाळला. मे महिन्यात आमच्याच राज्यात, डोंगरातल्या बूनला, अपलाचियन स्टेटने तेच केलं. तिथल्या मुलांना लागण झाली म्हणून नव्हे, ताळेबंदात बसत नाहीत म्हणून. हे पाहिल्यावर एसीसीच्या खेळण्याच्या हट्टाकडे मी थोड्या वेगळ्या नजरेने बघू लागले. मैदानात दिसत राहणं हीसुद्धा त्या संघांची गरज होती. मुलांनाही खेळायचंच होतं, हे त्यांच्या मुलाखतींतून दिसत होतं. पण वीस वर्षांच्या मुलाला विचारल्यावर तो नाही कशाला म्हणेल?

त्या नोव्हेंबरात इथलं वातावरण कसं होतं सांगते. रुग्ण वाढत होते. गव्हर्नर रॉय कूपर यांनी घरात जमायची मर्यादा पंचवीसवरून दहावर आणली, ती लागू झाली शुक्रवारी 13 तारखेला. शनिवारी 14 ला लक्ष्मीपूजन. आम्ही मंडळी फराळाचे डबे एकमेकांच्या दारात ठेवून, बेल वाजवून, पळून गाडीत बसत होतो. काचेतून हात हलवायचा की झाली दिवाळी. डब्यावर ज्याच्या त्याच्या नावाची चिकटपट्टी, आणि आमच्या एका शेजारणीने तर चकल्यांवर "दोन दिवस उघडू नका" अशी सूचना चिकटवलेली. चकली दोन दिवस न उघडता ठेवणारं मराठी घर मला दाखवा.

आणि त्याच आठवड्यात एसीसीची बाद फेरी. अंतिम सामना मी घरीच टीव्हीवर पाहिला. मैदान गाडीने अगदी जवळ, पण बघायचं पडद्यावर. मैदानाला वेकमेड या इथल्या रुग्णालय संस्थेचं नाव आहे. तिथले डॉक्टर-नर्स कोविडच्या पाळ्या करतायत आणि त्यांच्याच नावाच्या पाटीखाली कॉर्नर किक चाललीय, हे जरा विचित्रच वाटत होतं.

गर्दीचा गोंगाट नसला की सॉकर किती बोलका खेळ आहे ते कळतं. गोलकीपर अखंड ओरडत असतो. डावीकडे सरक, मागे माणूस आहे, वेळ आहे तुला, वळ. टीव्हीच्या माइकमध्ये हे सगळं स्वच्छ ऐकू येतं. बूट चेंडूला लागल्याचा आवाज, प्रशिक्षकाने दिलेली हाळी, आणि मध्येच एखादी अस्सल शिवी, की समालोचक घाईघाईने हवामानावर बोलायला लागतात. बाकावरची मुलं मास्क लावून, अंतर ठेवून बसलेली.

कॉलेज सॉकरचे नियमही जगावेगळे. घड्याळ 45 वरून उलटं शून्याकडे येतं आणि शून्य झालं की अर्ध संपलं, पंचांच्या मनातली जादा मिनिटं वगैरे काही नाही. दुसऱ्या अर्धात बाहेर गेलेला खेळाडू एकदा परत येऊ शकतो. आमच्याकडे विश्वचषक बघून बघून पंडित झालेले यजमान दर वेळी यावर चिडतात. उलट, सतत दमछाक होणाऱ्या मुलांना हा नियम बरा, असं माझं मत.

क्लेमसन जिंकलं आणि मला वाटलं, चला, संपलं. संपलं कुठलं! राष्ट्रीय स्पर्धा वसंतात होती. एनसीएएने संघ 48 वरून 36 वर आणले आणि एरवी यजमान विद्यापीठांच्या मैदानांवर देशभर विखुरलेले सामने सगळेच्या सगळे नॉर्थ कॅरोलायनात भरवले. नोव्हेंबरातले दोन्ही अंतिम संघ त्यात होते. क्लेमसनला वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्शल विद्यापीठाने पेनल्टींवर बाहेर काढलं. पिट्सबर्ग उपांत्य फेरीत इंडियानाकडून 1-0 ने हरलं.

अंतिम सामना 17 मे 2021, पुन्हा कॅरीत. महिलांचा आणि पुरुषांचा एकाच दिवशी. तीनच दिवस आधी राज्याने मास्कचे बहुतेक निर्बंध उठवले होते. आमच्या दोन्ही लशी झालेल्या. आणि फोनवर? त्या एप्रिल-मेमध्ये तुम्ही काय भोगलंत ते मी तुम्हाला काय सांगणार. आमच्या शाळेच्या ग्रुपवर दिवसभर बेड, रेमडेसिविर, ऑक्सिजन, प्लाझ्मा. 4 मेपासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्यांवर बंदी घातलेली, त्यामुळे व्हिसावर असलेल्या आमच्यासारख्यांनी घरी जायचं तर परत यायची खात्री नाही. त्यात 17 तारखेला तौक्ते वादळ मुंबईला झोडपून गेलं. डोंबिवलीत वीज नाही, आईचा फोन बंद.

अशा दिवशी मी सॉकर पाहिलं. डोकं कशात तरी घालायचं होतं. मार्शलचे हिरव्या कपड्यांतले समर्थक शेकड्यांनी आलेले, गळ्यात गळे घालून ओरडत होते. मला त्यांचा राग आला आणि हेवाही वाटला. निर्धारित वेळेत गोलच नाही. त्या वेळच्या नियमाप्रमाणे जादा वेळेत पहिला गोल झाला की खेळ खलास. 98 व्या मिनिटाला चेंडू परतून आला तो जमील रॉबर्ट्सने जाळ्यात मारला. मानांकन नसलेला मार्शलचा संघ राष्ट्रीय विजेता. तो मुलगा इंग्लंडचा, संघात परदेशी मुलं भरपूर. वर्षभरात त्यांतल्या किती जणांनी घर पाहिलं असेल, हाच हिशोब माझ्या डोक्यात चालू होता. रात्री उशिरा बाबांचा एका शब्दाचा मेसेज आला, "ठीक".

बूनचं काय झालं तेही सांगते. अपलाचियन स्टेटने संघ बंद केल्यावर त्या डोंगरातल्या लोकांनी अपलाचियन एफसी नावाचा स्वतःचा क्लब उभा केला आणि 2021 च्या उन्हाळ्यात तो लीगमध्ये उतरला. तिथले ब्लू रिजचे डोंगर बघायला गेलात आणि उन्हाळा असला, तर तिथला एखादा सामना जरूर पाहा. जाताना जाड स्वेटर न्या, बूनला जूनमध्येही संध्याकाळी गारठा असतो.